सात मोजेपर्यंत

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ती पुन्हा विद्यार्थिनी झाली, तेव्हा तिच्या वडिलांनी तिला 'मास्तरीणबाई' म्हणायला सुरुवात केली. त्याआधी चौदा वर्षं तिने एका कुरिअर कंपनीत तक्रारींचे फोन घेतले होते. पार्सल आलं नाही, आलं तर फुटलं, फुटलं नाही तर भलत्याचंच निघालं. ऐकून ऐकून कान किटले, तेव्हा एके दिवशी राजीनामा लिहून टाकला आणि शिक्षक प्रशिक्षणाच्या महाविद्यालयात नाव घातलं. विषय घेतला लहान मुलांना भाषा शिकवण्याचा. वर्गातल्या बाकीच्या पोरी विशी-बाविशीच्या. त्या तिला ताई म्हणायच्या आणि तिच्या डब्यावर डोळा ठेवून असायच्या.

"चौदा वर्षं लोकांनी तुला ऐकवलं," वडील म्हणाले, "आता तू पोरांना ऐकव. फिटंफाट."

वडिलांची सगळी नोकरी पाण्याचे मीटर वाचण्यात गेली होती. रोजची शंभरेक दारं. मीटर वाचायला अर्धं मिनिट पुरतं, पण ते प्रत्येक दारात पाच मिनिटं घालवायचे. कुणाचा गुडघा, कुणाचा जावई, कुणाची गळकी टाकी, सगळं त्यांना तोंडपाठ. निवृत्त झाले तशी शंभर दारांची बडबड एका घरात येऊन पडली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात ही दोघंच. ती संध्याकाळी दमून आली की चपला काढायच्या आत प्रश्न सुरू व्हायचे. कधी कधी ती वैतागून म्हणायची, "बाबा, जरा श्वास घेऊ द्या." मग ते मोठ्याने श्वास घेऊन दाखवायचे आणि म्हणायचे, "घेतला. आता सांग."

महाविद्यालय वरच्या मजल्यावर होतं आणि त्याची सरावशाळा खाली. सकाळी वर शिकायचं, दुपारी खाली जाऊन शिकवायचं. सरावशाळेतल्या मुलांच्या घरी निरनिराळ्या भाषा होत्या. कुणाचे आईबाप कामासाठी कुठून आलेले, कुणाचे कुठून. त्यांना शाळेची भाषा बोलती करायची, हे या पोरींचं काम. ते कसं करायचं हे शिकवायला ज्या होत्या त्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. उंचीने त्या सगळ्यांत लहान होत्या.

मोठ्या बाईंच्या एका पद्धतीचं पुस्तकी नाव होतं 'गरजनिर्मिती'. पोरी तिला 'अडवाअडवी' म्हणत.

"मूल खडूकडे बोट दाखवतं आणि तुम्ही लगेच खडू देता," मोठ्या बाई म्हणाल्या. "म्हणजे काय केलंत? बोटाला पगार दिलात. मग जीभ कशाला कामावर येईल?"

पोरी हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एक खडू बोटांत धरला, डोळ्यांच्या रेषेत.

"वस्तू अशी धरायची. चेहरा हसरा. आणि मनात सात आकडे मोजायचे. बहुतेक बाया तिसऱ्यालाच विरघळतात."

"आणि सातलासुद्धा नाही बोललं तर, बाई?" तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीने विचारलं. ही तिची बाकसोबतीण, प्रश्न विचारण्यात पहिली आणि उत्तर लिहून घेण्यात शेवटची.

"तर शब्द आपण एकदा म्हणायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचं. द्यायचं नाही. दिलंत की संपलं."

तिला थांबणं जमलं. चौदा वर्षं फोनवर लोकांचं बोलणं संपेपर्यंत थांबण्याचाच तर तिला पगार मिळाला होता. पहिल्याच सराव पाठात गोबऱ्या गालांच्या एका मुलाने पाचव्या आकड्याला तोंड उघडलं आणि निळा खडू मागितला. मोठ्या बाईंनी तिच्या वहीत लाल शाईने लिहिलं, 'उत्तम संयम'. त्या वहीत प्रत्येक पाठाच्या शेवटी एक रकाना असे, 'या पाठातून मी काय शिकले'. बाकीच्या पोरी तिथे एकमेकींचं उतरवून काढत. तिने मनापासून लिहिलं, 'थांबणं हेच शिकवणं.'

वडिलांनी चष्मा लावून वही वाचली.

"म्हणजे पोराला एका खडूसाठी तंगवलंस, आणि वर शाबासकी तुला?"

"तंगवलं नाही बाबा, संधी दिली."

"आमचे साहेब पण अशीच संधी द्यायचे. रजेचा अर्ज हातात धरून बसायचे, हसऱ्या चेहऱ्याने."

सहामाही परीक्षेनंतर दुसरीच्या वर्गात एक मुलगी आली. दीड महिना होत आला तरी मुलं तिला 'नवी' म्हणत. नवी दारातून आत यायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि घंटा झाली की जायची. कुणाशी भांडण नाही, रडणं नाही, बोलणं नाही. वर्गात तिला शब्द फुटलेला कुणी ऐकला नव्हता. मधल्या सुट्टीत मात्र ती भिंतीकडे तोंड करून स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटायची, म्हणजे जिभेला काही झालेलं नव्हतं. "ही तुमच्या पदरात," मोठ्या बाई तिला म्हणाल्या. "तुम्हाला थांबता येतं."

त्याच आठवड्यात वडील दाढी करता करता आरशासमोर खाली बसले. ती धावत गेली तर अर्धा गाल साबणाचा, अर्धा मोकळा, आणि उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा मांडीवर पडलेला. ते तिच्याकडे बघत होते आणि तोंड हलवत होते. आवाज येत होता. शब्द एकही नव्हता.

"त्यांना समजतं सगळं," डॉक्टर म्हणाले. "शब्द सापडत नाहीत. मेंदूच्या त्या भागाला इजा झालीय. वेळ लागेल."

बारा दिवसांनी ते घरी आले. रुग्णालयात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एकच बाई होत्या आणि त्यांच्याकडे भली मोठी रांग. त्यांनी वॉर्डात दहा मिनिटं वडिलांना तपासलं, 'बोलत राहा त्यांच्याशी' म्हणून सांगितलं आणि आठ आठवड्यांनंतरची तारीख दिली.

आठ आठवडे. ती तारखेचा कागद घेऊन बसमध्ये बसली, तेव्हा तिच्या मनात आलं की आपण कशाला थांबायचं? ज्यांना शब्द येत नाहीत त्यांना बोलतं करणं, हेच तर आपण शिकतोय. ज्या घरात गरज आहे त्याच घरात शिकणारी आहे. तिला आशा वाटली. कित्येक दिवसांनी ती रात्रभर झोपली.

वडिलांच्या थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं होतं. आत्या दिवसभर त्यांच्यापाशी बसायची, चारनंतर ती. तिने पुठ्ठ्याची चित्रं कापली, घरभर वस्तूंवर चिठ्ठ्या डकवल्या. फ्रीजवर फ्रीज, खिडकीवर खिडकी.

"माझ्या कपाळावर पण लाव एक," आत्या म्हणाली. "'म्हातारी' म्हणून."

वडील डाव्या गालाने हसले. मग तिने चहाचा कप उचलला, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत धरला, आणि हसऱ्या चेहऱ्याने मनात मोजायला लागली. तिसऱ्या दिवशी, सहाव्या आकड्याला, वडील म्हणाले, "चा."

आत्या रडली, ती रडली. वडीलही रडले, पण आजारपणात माणसाला तसंही रडू येतं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आत्याने डोळे पुसत चहात आणखी एक चमचा साखर घातली. "घे रे. कमावलीस."

त्या एका शब्दाने तिचा घात केला. चहा आला म्हणजे पाणी येईल, पाणी आलं म्हणजे चष्मा, पेपर, रेडिओ, आणि मग हळूहळू ती शंभर दारं. तिने सगळ्यांचीच अडवाअडवी सुरू केली. वडील डाव्या हाताने चष्म्याकडे बोट दाखवायचे, ती चष्मा उचलून धरायची. सात. मग शब्द म्हणायची. पुन्हा सात. कधी कधी पेपर शिळा व्हायचा.

"अगं, दे तो चष्मा," आत्या म्हणायची. "माणूस आहे तो. पाळलेला पोपट नाही."

"आत्या, दिला की संपलं."

"काय संपलं?"

"सवय लागते, आत्या. बोटाची."

"एवढ्या वर्षांत त्याने कुणाकडे मागितलं का काही? आता मागतोय तर तू दुकान बंद करून बसलीस."

आत्याला शास्त्र कळत नाही, असं तिने मनाशी म्हटलं. वहीच्या रकान्यातही लिहिलं, 'घरच्यांचं मन वळवणं हा शिकवण्याचाच भाग आहे.' मोठ्या बाईंनी शेजारी बरोबरची खूण केली होती. त्या रकान्यातलं घर कुणाचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

एका रविवारी दुपारी आत्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. वडील खुर्चीत बसले होते. त्यांनी डावा हात उचलला आणि बाथरूमच्या दाराकडे बोट दाखवलं. दारावर चिठ्ठी होतीच. ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बोला बाबा. एकदा बोला, की लगेच नेते."

त्यांनी पुन्हा बोट दाखवलं. ती हसली. एक, दोन, तीन. त्यांनी खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. चार. पाचला त्यांचे ओठ हलले. आतून काहीतरी वर येत होतं, तिला ते दिसत होतं. आता येणार, आता येणार, म्हणून ती पुढे झुकली. सात झाले. शिकवल्याप्रमाणे तिने तो शब्द स्वतः एकदा स्पष्ट म्हटला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला चार म्हणेपर्यंत पायजम्यातून ओघळ येऊन फरशीवर पसरला होता.

वडिलांनी खाली पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं. मग मान वळवून खिडकीबाहेर पाहत राहिले.

"होतं असं, काही नाही हं बाबा, काही नाही," ती म्हणाली, आणि तिला ऐकू आलं की आपण हे खालच्या मजल्यावरच्या आवाजात बोललो. दुसरीच्या वर्गाच्या. तिने त्यांना पुसलं, कपडे बदलले, फरशी पुसली, पायजमा धुऊन वाळत घातला. आत्या आली आणि म्हणाली, "हे या वेळी कुठलं धुणं?"

"पाणी सांडलं," ती म्हणाली.

त्यानंतर वडिलांनी काही मागितलं नाही. पाणी पुढे केलं तर प्यायचे. घास दिला तर खायचे. ठरावीक वेळांना आत्या त्यांना उठवून बाथरूममध्ये न्यायची, ते जायचे. बोट मात्र पुन्हा उचललं नाही. तिने दुसऱ्या दिवशी चित्रं फाडून टाकली, चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या, चष्मा त्यांच्या डोळ्यांवर स्वतःच्या हाताने लावला. ते लावू द्यायचे. रागावलेले दिसत नव्हते. अरुंद बोळात समोरून कुणी आलं की माणूस अंग चोरून वाट देतो, तसे ते तिला वाट देत होते. 'चा' हा शब्दही परत आला नाही.

"बाबा, माझं चुकलं," ती एकदा त्यांच्या गुडघ्यांपाशी बसून म्हणाली. त्यांनी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि थोड्या वेळाने काढून घेतला. माफ केलं की नुसतं उठायला सांगितलं, ते तिला कळलं नाही.

"उदासी येते या आजारात," डॉक्टर म्हणाले आणि गोळी लिहून दिली. पाच आठवड्यांनी, सकाळी, आत्या त्यांचे केस विंचरत असताना दुसरा झटका आला. रुग्णालयात पोचायच्या आतच ते गेले.

उपचारांची तारीख नऊ दिवसांवर होती. फोन करून रद्द करता आली असती, पण ती स्वतः गेली. उपचारांच्या बाईंनी खेद व्यक्त केला, नाव खोडलं. ती तिथेच उभी राहिली.

"एक विचारू? शब्द येईपर्यंत वस्तू धरून ठेवायची, असं करतात का तुमच्यात?"

"लहान मुलांच्या बाबतीत, कधी कधी." बाई फायलीवर सही करत होत्या. "मोठ्यांच्या बाबतीत नाही. त्यांचा अपमान होतो." मग त्यांनी मान वर केली. "का?"

"सहज," ती म्हणाली.

दोन आठवड्यांनी ती महाविद्यालयात परतली, तेव्हा फळ्यावर अंतिम पाठांचं वेळापत्रक लागलेलं होतं. बाहेरचे परीक्षक येणार. या पाठात नापास म्हणजे वर्ष गेलं. पद्धती चिठ्ठ्या टाकून वाटल्या होत्या, आणि ती नव्हती म्हणून तिची चिठ्ठी बाकसोबतिणीने उचलली होती. गरजनिर्मिती. इयत्ता दुसरी.

"ताई, मी मुद्दाम नाही हो उचलली," सोबतीण म्हणाली. "पण तुम्हाला तर सोपंच ना ते?"

सरावाला ती उभी राहिली. डिंकाची बाटली हातात, समोर एक मूल. एक, दोन, आणि बाटली मुलाच्या हातात. दुसऱ्या मुलाला एकलाच. तिसऱ्याने तर नुसतं पाहिलं.

"ताई, तुम्ही तर धर्मशाळा उघडलीत," सोबतीण हळूच म्हणाली. मग तिचा चेहरा पाहून वही चाळू लागली.

घरी आत्या म्हणाली, "पास हो बाई. त्याला किती हौस होती तुझ्या मास्तरकीची. रोज विचारायचा, आज काय शिकवलं, आज काय शिकवलं." आत्याला काही माहीत नव्हतं. आत्या प्रेमाने बोलत होती, आणि तिला उठून दुसऱ्या खोलीत जावं लागलं.

अंतिम पाठात घोटीव कागद वाटायचे होते. मुलांनी एकेक करून पुढे यायचं, हवा तो रंग मागायचा, कागद घेऊन जायचं आणि त्याची होडी करायची. परीक्षक मागच्या बाकावर बसले होते, पांढऱ्या मिशांचे, गुडघे छातीशी घेऊन, कारण बाक सात वर्षांच्या मापाचा होता. शेजारी मोठ्या बाई. पहिल्या चार मुलांनी धडाधड रंग मागितले. पाचवी नवी आली.

नवीने हिरव्या कागदाकडे बोट दाखवलं.

तिने कागद उचलला. डोळ्यांच्या रेषेत धरला. हसायचं होतं. तिने एक म्हटलं, मनात, आणि समोर नवीचा चेहरा राहिला नाही. तिने कागद नवीच्या हातात कोंबला आणि म्हणाली, "घे, बाळा. घे."

नवीच्या मागे उभ्या असलेल्या मुलाने हे पाहिलं. तो पुढे आला आणि त्याने तोंड न उघडता बोट दाखवलं. त्याला कसं अडवायचं? तिने दिला. पुढच्या मुलीने नुसता हात पसरला. तिलाही दिला. मग साऱ्या वर्गाला कळलं. मुलं हसायला लागली, एकमेकांच्या तोंडावर हात ठेवायला लागली, आणि हसणंही बंद करून तो खेळ खेळायला लागली. सव्वीस मुलं एकामागून एक आली, ओठ घट्ट मिटून, हात पुढे करून, आणि ती देत गेली. भाषेच्या पाठात एकही शब्द ऐकू येत नव्हता. कागदांची सळसळ तेवढी. एरवी याच वर्गाला गप्प करायला पट्टी आपटावी लागे.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं आणि काहीतरी लिहिलं.

मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं, पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"वडील गेलेत, हे मी परीक्षकांना सांगितलंय. गुरुवारी ते पुन्हा येतायत. एक संधी द्यायला तयार आहेत. काय झालं होतं?"

तेव्हा तिने सांगितलं. रविवार, खुर्ची, दार, सात, शब्द, पुन्हा चार. फरशी. हे ती पहिल्यांदाच कुणाला सांगत होती. सांगितलं की हलकं वाटेल, असं तिला कुठेतरी वाटत होतं. तसं काही झालं नाही. ओझं तेवढंच राहिलं, फक्त आता ते दोघींना माहीत होतं.

मोठ्या बाईंनी टेबलावरच्या टाचण्या एका बाजूला लावल्या.

"तीस वर्षं शिकवतेय मी हे," त्या म्हणाल्या. "मोठ्या माणसांवर करू नका, असं कधी सांगितलं नाही. कुणी करेल असं सुचलंच नाही मला."

"तुमचा दोष नाही, बाई."

"तसं मी म्हणत नाहीये." त्यांचा आवाज कोरडा होता. "माझा किती, तुमचा किती, ते काही मला ठरवता यायचं नाही. गुरुवारी पाठ देणार का, तेवढं सांगा."

ती हो म्हणाली. का म्हणाली ते तिला बसमध्ये कळलं. वर्ष वाचवायचं होतं, आत्याला पास झालेली दिसायचं होतं, हे खरंच. पण त्याच्याही खाली एक इच्छा होती आणि ती चांगली नव्हती. गुरुवारी आपण नवीसमोर थांबायचं. सात, चौदा, एकवीस. आणि नवी बोलणार नाही. चार महिन्यांत बोलली नाही, ती काय गुरुवारी बोलणार? सगळ्यांसमोर सिद्ध होईल की ही पद्धतच खोटी आहे, कुणाच्याच कामाची नाही. मग त्या रविवारी जे झालं ते पद्धतीने केलं असं म्हणता येईल. नापास व्हावं लागलं तरी चालेल. तिला एवढंच हवं होतं.

गुरुवारी या वेळी मणी होते. माळ ओवायची, मणी मागून घ्यायचे. मोठ्या बाईंनी आधीच वर्गाला दम भरला होता, त्यामुळे मुलं पोपटासारखी मागत होती. नवी आली. लाल मण्याकडे बोट केलं.

तिने मणी चिमटीत धरला. हसली. तोंडाचे स्नायू बरोबर जागच्या जागी गेले. एक. दोन. नवीने पुन्हा बोट दाखवलं. तीन. चार. चारलाही हात खाली आला नाही. मागच्या बाकावर पेन थांबलं होतं. पाच. नको बोलूस, ती मनात म्हणाली. सहा. नको बोलूस, बाळा.

"लाल," नवी म्हणाली. आणि आतून काही सुटल्यासारखी पुढे म्हणाली, "मला लाल दे."

आधी गोबऱ्या गालांच्या मुलाने टाळी वाजवली, मग सगळ्या वर्गाने. "नवी बोलली! बाई, नवी बोलली!" परीक्षकही टाळ्या वाजवत होते. नवी घाबरून आणि मग खूश होऊन इकडेतिकडे बघत होती. तिने मणी नवीच्या तळहातावर ठेवला.  मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

तिला उत्तम श्रेणी मिळाली. पोरींनी गळ्यात हात टाकले, सोबतीण म्हणाली, "ताई, सहाला! मी मोजत होते हो, माझा तर जीव वरखाली." ती सगळ्यांना हो हो म्हणत होती. पद्धत खरी होती. पद्धतीत काहीच खोट नव्हती. ज्याच्यापुढे बोलायला सगळं आयुष्य पडलंय त्याच्यासाठी थांबायची ती रीत होती, आणि तिने ती अशा माणसावर वापरली ज्याच्याजवळ पाच आठवडे होते. आता हे दुसऱ्या कुणावर टाकता येणार नव्हतं. मोठ्या बाईंवर नाही, आजारावर नाही. नवीने बोलून तिची शेवटची वाट बंद केली होती, आणि त्याबद्दल सगळे तिचं अभिनंदन करत होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना फाटकापाशी नवीची आई उभी होती. कामावरून तशीच आली असावी. हातांवर रबरी मोज्यांचे वळ होते, कपड्यांना फिनाइलचा वास. नवी कुठे दिसत नव्हती. बाईने तिला पाहिलं आणि पुढे येऊन तिची वाट अडवली.

"तुम्ही... बाई... माझी..." नवीची आई म्हणाली. तिला शाळेची भाषा येत नव्हती. ती शब्द शोधत होती. कपाळावर घाम आला होता. "माझी मुलगी... घरी... काल..."

पुढचा शब्द येईना. बाईचे ओठ हलले, थांबले. डोळे तिच्या चेहऱ्यावर खिळले होते. एवढं थांबा, असं ते डोळे सांगत होते. आतून काहीतरी वर येत होतं.

तिला ते पाहवेना.

"हो, हो," ती घाईघाईने म्हणाली. "बोलली. छान बोलली काल. हुशार आहे तुमची मुलगी. काही काळजी करू नका. काही बोलायची गरज नाही. समजलं मला."

बाईने तोंड मिटलं. क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मान हलवली, दोन्ही हात जोडले आणि वळून चालू लागली.

नवीची आई रस्ता ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत गेली, तेव्हा हिच्या लक्षात आलं की ती आभार मानायला आलीच नव्हती. आभार मानणारं माणूस असं दिसत नाही. काल घरी काहीतरी झालं होतं. काय, ते विचारायला ही फाटकातून बाहेर पळाली; पण कोपऱ्यावर तीन रस्ते फुटत होते आणि कामावरून सुटलेल्या बायकांची गर्दी होती. त्यांतली नवीची आई कुठली ते तिला ओळखता येईना. आणि हाक मारावी, तर नवीचं खरं नाव काय, तेही तिला माहीत नव्हतं.